कलमाच्या सांध्याचें रसायन

(नभोवाणीवरील भाषण)



हापूस आंब्याची कोय पेरली तर झाड उगवेल, मोठें होईल, फळेंहि देईल. परंतु तीं फळें हापूसचींच असतील असा भरंवसा कोणी देऊं शकत नाहीं. म्हणून रायवळ आंब्याच्या रोपावर हापूसची काडी बसवावयाची आणि दोहोंचें मिळून एक झाड करावयाचें, हा कलमाचा उद्योग. तो आपल्याकडे नवा नाहीं. वराहमिहिराच्या बृहत्संहितेंत, म्हणजे इसवी सनाच्या सहाव्या शतकांत, एका झाडाची फांदी दुसऱ्या झाडावर बसविण्याची रीति सांगितलेली आहे. आणि गोव्यांत पोर्तुगीजांच्या अमदानींत आंब्याच्या कलमांचा जो प्रसार झाला, त्याचीं फळें आपण आजहि चाखीत आहों.

इतक्या जुन्या विद्येसंबंधीं एक समज मात्र अजून सर्वत्र आढळतो. तो असा कीं, कलम करणें हें सुतारकामासारखें आहे. चाकू धारदार असला, दोन काप एकमेकांवर नीट बसले आणि वरून पट्टी घट्ट आवळली, कीं काम झालें. ह्या समजांत तथ्य नाहीं असें नाहीं. पण तें अर्धेंच आहे. सुताराच्या सांध्यांत दोन्ही लांकडें मेलेलीं असतात. कलमाच्या सांध्यांत दोन्ही जिवंत असतात. जिवंत असल्यामुळें त्यांतील प्रत्येकजण जखमेला आपापल्या परीनें उत्तर देतो, कांहीं द्रव्यें तयार करतो, कांहीं शेजाऱ्याकडे पाठवितो, आणि शेजाऱ्याकडून आलेलीं द्रव्यें पचवितो किंवा त्यांनीं घायाळ होतो. हीं द्रव्यें एकमेकांस मानवलीं तर कलम पिढ्यान्‌पिढ्या टिकतें. न मानवलीं तर कुशल माळ्याच्या हातचें कलमहि मरतें.

शिवाय तें नेहमीं ताबडतोब मरतें असें नाहीं. कांहीं कलमें पहिल्या महिन्यांतच वाळून जातात. हें नुकसान सोसण्यासारखें असतें. कांहीं मात्र दहा-दहा वर्षें वाढतात, फळांवर येतात, आणि मग एखाद्या वादळांत सांध्यापाशीं काडकन् मोडतात. तोंपर्यंत बागाइतदाराची जमीन, पाणी, खत, मजुरी आणि आयुष्याचीं दहा वर्षें त्या झाडांत गेलेलीं असतात. तेव्हां कलम कां जुळतें आणि कां फसतें हा प्रश्न केवळ प्रयोगशाळेंतला नव्हे. त्याचें उत्तर झाडांच्या रसायनांत कितपत सांपडतें, तें आज आपण पाहूं.

प्रथम सांध्यांत काय घडतें तें समजून घेऊं. झाडाची साल सोलली कीं तिच्याखालीं एक ओला, बुळबुळीत थर हाताला लागतो. शास्त्रज्ञ त्याला कॅम्बियम म्हणतात. झाडाची जाडी वाढविण्याचें काम ह्या थराचें. तो आंतल्या अंगास लांकूड घडवितो आणि बाहेरच्या अंगास साल घडवितो. लांकडांतील सूक्ष्म नळ्यांतून मुळांनीं शोषलेलें पाणी व क्षार वर चढतात. सालींतील नळ्यांतून पानांनीं तयार केलेली साखर खालीं मुळांकडे जाते. कलमांत वरच्या भागाला काडी म्हणतात आणि ज्याच्या मुळांवर ती बसवावयाची त्याला खुंट म्हणतात. चाकू फिरला कीं काडींतील व खुंटांतील ह्या सर्व नळ्या तुटतात, आणि त्या पुन्हां जुळेपर्यंत काडी अंगच्या ओलाव्यावर आणि सांठविलेल्या अन्नावर जगत असते.

कापलेल्या पृष्ठभागावरील पेशी मरतात व त्यांचा एक पातळ पापुद्रा बनतो. त्यामागच्या जिवंत पेशी मात्र भराभर विभागूं लागतात, आणि मऊ, पांढुरक्या पेशींचा एक पुंजका दोन्ही बाजूंनीं पुढें सरकतो. ह्याला कॅलस असें नांव आहे. मोडलेलें हाड सांधतांना तेथें जी नवी भर पडते तिलाहि डॉक्टर लोक हेंच नांव देतात. दोन्ही बाजूंचे पुंजके भेटतात, त्यांच्या पेशींच्या भिंती एकमेकींस चिकटतात, आणि मग त्यांतूनच नवें कॅम्बियम व नव्या नळ्या तयार होतात. मोहरीच्या कुळांतील ॲराबिडॉप्सिस नांवाच्या इवल्याशा रोपट्यावर जे प्रयोग २०१५ सालीं प्रसिद्ध झाले त्यांत असें दिसून आलें कीं, साखर वाहणाऱ्या नळ्या सुमारें तीन दिवसांत आणि पाणी वाहणाऱ्या नळ्या सुमारें आठवड्यांत जुळतात. फळझाडांना ह्याच कामाला कित्येक आठवडे लागतात.

हें सारें काम कोणाच्या हुकुमानें चालतें? झाडाला मेंदू नाहीं, मज्जातंतु नाहींत. त्याचे हुकूम रासायनिक असतात. कोवळ्या पानांत आणि फुटणाऱ्या डोळ्यांत ऑक्सिन नांवाचें एक द्रव्य तयार होतें व तें खालच्या दिशेनें वाहत जातें. १९२८ सालीं हॉलंडांत फ्रिट्स वेन्ट यांनीं ओट धान्याच्या कोंबांवर प्रयोग करून त्याचें अस्तित्व सिद्ध केलें. खोड कापलें कीं खालीं जाणारें ऑक्सिन आणि साखर कापापाशीं सांठतात, आणि हा सांठाच तेथील पेशींना ‘विभागा, वाढा’ अशी सूचना देतो. पेशींच्या भिंती एकमेकींस चिकटण्याचें कामहि असेंच आहे. २०२० सालीं जपानांतील नागोया येथील संशोधकांनीं दाखविलें कीं, तंबाखूच्या जातीच्या एका रोपाच्या कापापाशीं पेशींच्या भिंतींतील सेल्युलोज सैल करणारें एक विकर पाझरतें, आणि त्याच्या साहाय्यानें तें रोप अगदीं परक्या कुळांतील झाडांशींहि जोड धरूं शकतें. विकर म्हणजे सजीवांच्या शरीरांत तयार होणारें, रासायनिक क्रिया जलद घडवून आणणारें द्रव्य. पोटांतील अन्न पचविणारे रस हीं त्याचीं परिचित उदाहरणें.

आतां माळ्याच्या कांहीं चालींचा अर्थ उलगडेल. आंब्याची काडी कापण्यापूर्वीं आठ-दहा दिवस तिचीं पानें, देठ मागें ठेवून, छाटून टाकण्याची रीति आहे. पानें गेलीं कीं शेंड्याचे डोळे फुगूं लागतात. अशी काडी खुंटावर बसविली तर ती झोपलेली नसते, आणि पानें नसल्यामुळें तिच्यांतील पाणीहि लवकर उडून जात नाहीं. माळ्यानें ऑक्सिनचें नांव कधीं ऐकलेलें नसतें, पण फुगलेल्या डोळ्याची काडी लवकर धरते हें त्याला अनुभवानें ठाऊक असतें.

येथपर्यंत रसायन आपल्या बाजूचें होतें. आतां तें आड कसें येतें तें पाहूं.

वांगें चिरून तसेंच ठेवलें तर थोड्याच वेळांत फोडी काळ्या पडतात, आणि म्हणून घरांतील बायका त्या पाण्यांत टाकून ठेवतात. ह्या साध्या गोष्टींत कलमाच्या अपयशाचें एक मोठें कारण दडलेलें आहे. वांग्याच्या पेशींत फिनॉल जातीचीं द्रव्यें एका कप्प्यांत असतात आणि त्यांवर क्रिया करणारें विकर दुसऱ्या कप्प्यांत असतें. पेशी शाबूत आहे तोंपर्यंत दोघांची गांठ पडत नाहीं. सुरीनें पेशी फुटली कीं दोन्ही एकत्र येतात, हवेंतील प्राणवायु तिसरा भिडू म्हणून येऊन मिळतो, आणि तपकिरी-काळीं द्रव्यें तयार होतात. फोडी पाण्यांत बुडविल्या म्हणजे हवा तुटते आणि क्रिया मंदावते.

हीं काळीं द्रव्यें झाडानें उगीच बनविलेलीं नाहींत. तीं जंतूंना व बुरशीला मारतात. जखमेवरची ती झाडाची स्वतःची मलमपट्टी आहे. पण बाभळीच्या सालीचा रस ज्याप्रमाणें कातडें कमावून घट्ट करतो, त्याचप्रमाणें हीं द्रव्यें पेशींतील प्रथिनांना बांधून निकामी करतात. थोडीं असलीं तर जखम बंद होते. फार झालीं तर कापाजवळच्या जिवंत पेशीहि मरतात, पापुद्रा जाड होतो, आणि दोन्ही बाजूंच्या पुंजक्यांची भेटच होत नाहीं. अक्रोडाची गोष्ट ह्या बाबतींत प्रसिद्ध आहे. अक्रोडाची हिरवी साल सोलतांना हात काळे होतात हें काश्मिरांत राहिलेल्या कोणासहि ठाऊक असेल. असल्या द्रव्यांनीं भरलेल्या ह्या झाडाचें कलम इतकें अवघड कीं, सांध्याला सुमारें २७ अंश सेंटिग्रेड उष्णता सतत मिळाली तरच कॅलस चांगला वाढतो. थंडींत तो जवळजवळ वाढतच नाहीं. वाढ मंद आणि काळवंडणें जलद, अशी शर्यत लागली म्हणजे काळवंडणें जिंकतें.

आंब्यांतहि तुरट द्रव्यें भरपूर असतात. म्हणून कलमाच्या चाकूची धार ही केवळ सफाईची बाब नाहीं. बोथट पात्यानें पेशी चिरडतात, आणि जितक्या पेशी चिरडाव्या तितकें काळें द्रव्य अधिक. पातें गंजलेलें असेल तर आणखी एक संकट. हिरडा आणि हिराकस मिळून पूर्वीं काळी शाई करीत असत. त्यांत हिरड्यांतील तुरट द्रव्य आणि हिराकशीतील लोह यांचाच संयोग होता. गंजलेल्या लोखंडानें आंब्याची काडी कापली तर तीच शाई कापावर तयार होते. म्हणून पातें स्वच्छ हवें, काप एका ओढींत व्हावा, आणि तो हवेंत उघडा न ठेवतां क्षणांत जोडून बांधावा.

कोंकणांत आंब्याच्या कलमाच्या ज्या दोन रीति रूढ झाल्या, त्यांकडे ह्या दृष्टीनें पाहिलें तर त्यांतील शहाणपण ध्यानांत येतें. भेट कलमांत काडी मातृवृक्षापासून तोडीत नाहींत. रोपाची कुंडी फांदीजवळ नेऊन दोघांना बांधतात आणि सांधा पुरा जुळल्यावरच फांदी कापतात. शर्यत कितीहि लांबली तरी काडी तोंपर्यंत उपाशी रहात नाहीं. कोय कलमांत उलट युक्ति आहे. कोयीतून नुकतेंच उगवलेलें, तांबूस पानांचें कोवळें रोप घ्यावयाचें आणि पावसाळ्याच्या दमट हवेंत त्यावर काडी बसवावयाची. कोवळ्या पेशी भराभर विभागतात, कोयीतील अन्न हाताशीं असतें, आणि ओल्या हवेंत काडी वाळत नाहीं. एक रीति शर्यतीला मुदत वाढवून देते. दुसरी शर्यतच लवकर जिंकते.

आंब्यावर आंबा चढवितांना दोघेहि एकाच जातीचे असल्यामुळें प्रश्न बहुधा येथेंच संपतो. पण खुंट एका जातीचा आणि काडी दुसऱ्या जातीची असली म्हणजे खरी परीक्षा सुरू होते. नागपुरी संत्र्याचा डोळा जंबेरीच्या खुंटावर भरतात, चिकूचें कलम रायणीवर बांधतात. हीं लग्नें सुखाची ठरलीं आहेत. पण आंबा फणसावर धरत नाहीं. सामान्य नियम असा कीं, नातें जितकें जवळचें तितकी जोड सोपी. तरी हा नियम पुरता भरंवशाचा नाहीं. नासपती आणि सफरचंद हीं जवळच्या नात्याचीं झाडें. पण नासपती सफरचंदावर सहसा टिकत नाहीं. तीच नासपती बिही ह्या दुसऱ्याच झाडावर मात्र धरते. आणि त्यांतहि मौज अशी कीं, नासपतीच्या कांहीं जाति बिहीवर उत्तम नांदतात व कांहीं जाति त्याच बिहीवर कुढून मरतात. नातें तेंच, चाकू तोच, माळी तोच. मग फरक कशाचा?

ह्या कोड्याकडे वळण्यापूर्वीं, सांधा ओलांडून द्रव्यें खरोखर इकडून तिकडे जातात काय, ह्याचा पुरावा पाहूं. अमेरिकेंतील रे डॉसन यांनीं १९४२ सालीं प्रसिद्ध केलेला प्रयोग ह्या कामीं सुरेख आहे. त्यांनीं टोमॅटोच्या खुंटावर तंबाखूचा शेंडा बसविला आणि तंबाखूच्या खुंटावर टोमॅटोचा. तंबाखूचें विष जें निकोटिन तें तंबाखूच्या पानांत सांपडतें, म्हणून तें पानांतच तयार होत असावें असें कोणालाहि वाटेल. पण टोमॅटोच्या मुळांवर वाढलेल्या तंबाखूच्या पानांत तें सांठलें नाहीं. उलट तंबाखूच्या मुळांवर वाढलेल्या टोमॅटोच्या पानांत तें सांपडलें. निकोटिन मुळांत तयार होतें आणि सांध्यांतून वर चढतें, हें ह्यावरून सिद्ध झालें. आपल्या दृष्टीनें महत्त्वाचें हें कीं, कलमाचा सांधा म्हणजे भिंत नव्हे, दार आहे. आणि दारांतून पाहुण्याबरोबर विषहि येऊं शकतें.

आतां नासपती आणि बिही. बिहीचें फळ आपल्याकडे परिचित नसलें तरी तिच्या बिया, म्हणजे बिहीदाणा, काष्ठौषधींच्या दुकानांत मिळतात व खोकल्यावर दिल्या जातात. युरोपांत, विशेषतः फ्रान्स व इंग्लंड ह्या देशांत, नासपतीला बिहीचा खुंट देण्याची चाल फार जुनी आहे. कारण सरळ आहे. नासपतीच्याच बियांच्या रोपावर बांधलेलें झाड उंच वाढतें आणि फळावर यावयास पुष्कळ वर्षें लावतें. बिहीवर बांधलेलें झाड ठेंगणें राहतें, लवकर फळतें, आणि थोड्या जमिनींत अधिक झाडें बसतात. इंग्लंडांत केंट परगण्यांतील ईस्ट मॉलिंग येथें १९१३ सालीं फळझाडांची संशोधनशाळा निघाली, आणि तेथें रोनाल्ड हॅटन यांनीं बाजारांतील बिहीच्या खुंटांची छाननी करून त्यांचे निश्चित प्रकार ठरवून दिले. तरी एक अडचण उरलीच. विल्यम्स नांवाची जी अत्यंत लोकप्रिय नासपती, जिला अमेरिकेंत बार्टलेट म्हणतात, ती बिहीवर नीट टिकत नाहीं. झाड कांहीं वर्षें वाढतें, मग पानें अवेळीं पिवळीं-तांबडीं होतात, वाढ खुंटते, आणि सांधा मोडला तर तो काचेच्या कांडीसारखा स्वच्छ तुटतो.

माळ्यांनीं ह्यावर उपाय शोधला तो असा. बेऱ्ये हार्डी नांवाची नासपती बिहीशीं चांगली जुळते. मग बिहीवर प्रथम हार्डीचा तुकडा बसवावयाचा आणि त्या तुकड्यावर विल्यम्स. मधला तुकडा दोघांशींहि मैत्री ठेवतो, आणि झाड टिकतें. ह्याला दुहेरी कलम म्हणतां येईल. उपाय सांपडला होता. पण त्याचें कारण कोणास ठाऊक नव्हतें.

कारणाचा मोठा धागा १९६८ सालीं हातीं आला. इस्राएलांतील गुर, सामिश आणि लिफ्शिट्झ ह्या तीन संशोधकांनीं दाखविलें कीं, बिहीच्या अंगांत प्रुनासिन नांवाचें एक द्रव्य असतें, जें नासपतींत नसतें. प्रुनासिन म्हणजे साखरेशीं बांधून ठेवलेलें विष. बांधलेलें आहे तोंवर तें निरुपद्रवी. म्हणून बिहीला त्याचा त्रास होत नाहीं. पण योग्य विकरानें साखरेची गांठ सोडविली कीं त्यांतून दोन पदार्थ बाहेर पडतात. एक बेंझाल्डिहाइड, ज्याचा वास कडू बदामाचा. आणि दुसरा हायड्रोसायनिक आम्ल, जें पेशींचा श्वासोच्छ्‌वास बंद पाडणारें जहाल विष आहे.

ही युक्ति आपल्या शेतकऱ्यांना वेगळ्या रूपानें माहीत आहे. पाण्याअभावीं खुरटलेल्या कोवळ्या जोंधळ्याचे फुटवे खाऊन गुरें दगावतात, तें ह्याच आम्लानें. जोंधळ्याच्या पानांतहि साखरेशीं बांधलेलें विष आणि तें सोडविणारें विकर हीं निरनिराळीं ठेवलेलीं असतात. गुरानें चावून दोहोंची भेट घडविली कीं विष मोकळें होतें. कलमांत चावणारें गुरूं नसतें, पण भेट घडविणारा सांधा असतो. बिहींतील प्रुनासिन सालींतून वर नासपतींत चढतें. नासपतीच्या पेशींत तें फोडणारें विकर असतें. म्हणजे बांधलेलें विष एका झाडाचें आणि गांठ सोडणारा हात दुसऱ्या झाडाचा. दोघेहि आपापल्या घरीं निर्दोष, पण एकत्र आले कीं सांध्यापाशीं थेंब थेंब विष निर्माण होऊं लागतें, आणि त्याचा पहिला बळी म्हणजे तेथील कॅम्बियम व साखर वाहणाऱ्या नळ्या.

ह्यापुढें एक दुष्टचक्र सुरू होतें. साखरेच्या नळ्या मेल्या कीं पानांनीं बनविलेलें अन्न खालीं बिहीच्या मुळांना पुरेसें पोंचत नाहीं. मुळें उपाशी पडलीं कीं बिहीच्या अंगांतील प्रुनासिन आणखी फुटूं लागतें. त्यानें आणखी नळ्या मरतात आणि मुळें आणखी उपाशी पडतात. वरून पाहणाराला झाड नुसतें ‘खंगलेलें’ दिसतें. मग हार्डीसारख्या जाति कां वांचतात? नासपतीच्या निरनिराळ्या जातींत हें विकर दाबून टाकणारें एक द्रव्य कमी-अधिक प्रमाणांत असतें, असें त्याच संशोधकांना आढळलें. गांठ सोडणारा हात ज्या जातींत धरून ठेवलेला असतो, त्या जाति बिहीवर सुखानें नांदतात.

ह्या एका चावीनें सर्व कुलपें उघडतात असें मात्र नव्हे. जर्मनींत बुखलो यांनीं १९६० सालीं दाखविलें होतें कीं, नासपती-बिहीच्या चांगल्या सांध्यांत समोरासमोरच्या पेशींच्या भिंती लिग्निन नांवाच्या द्रव्यानें पक्क्या होतात. वाईट सांध्यांत त्या तशा होत नाहींत. लिग्निन म्हणजे लांकडाला लांकूडपण देणारें द्रव्य, भिंतींतील चुन्यासारखें. तें नसलें तर सांधा कोरड्या विटांच्या भिंतीसारखा ढासळतो. पुढें जर्मनींत चेरीवर आणि स्पेनांत झारागोझा येथें जर्दाळू व आलुबुखार ह्यांच्या जोड्यांवर जें काम झालें, त्यांत न जुळणाऱ्या सांध्यांपाशीं फिनॉल जातीचीं द्रव्यें अधिक सांठलेलीं आढळलीं. म्हणजे आपलें चिरलेलें वांगें येथेंहि भेटतें. फरक एवढाच कीं, येथें काळवंडणें कापाच्या दिवशीं नव्हे, महिनोन्‌महिने आंतल्या आंत चालतें.

ईस्ट मॉलिंग येथील बार्बरा मॉस ह्या विदुषींनीं १९६२ सालीं ह्या सर्व अपयशांची दोन गटांत वांटणी केली. पहिल्या गटांत दोघांचा प्रत्यक्ष स्पर्श झाला तरच बिघाड होतो. मध्यें मित्राचा तुकडा घातला कीं तो टळतो. नासपती-बिहीचें भांडण ह्या गटांतलें. दुसऱ्या गटांत मध्यें तुकडा घालूनहि भागत नाहीं. अपायाचें कारण त्या तुकड्यांतून पलीकडे पोंचतेंच. हेल्स अर्ली नांवाच्या पीच फळाचें मायरोबॅलन नांवाच्या आलुबुखारावरील कलम ह्या प्रकारचें आहे. त्यांत सांध्याच्या वर अन्न तुंबून पिष्ट सांठतें आणि खालीं मुळांत त्याचा दुष्काळ पडतो. जखमेला लावावयाचें आयोडीन पिष्टाला लागलें कीं निळें-काळें होतें, हें शाळेंत शिकलेल्या मुलांना ठाऊक आहे. ह्याच साध्या कसोटीनें फांदीच्या कापावर वर काळें आणि खालीं कोरें असें दिसलें, तर सांध्यांत नाकेबंदी झाली आहे हें कळतें.

येथें एक सावधगिरीची सूचना देणें अवश्य आहे. रसायनाची किल्ली हातीं आली म्हणून प्रत्येक मेलेलें कलम रसायनानेंच मेलें असें मानूं नये. जगांत पुष्कळ ठिकाणीं गोड संत्रीं आंबट नारिंगाच्या खुंटावर वाढवीत असत, कारण त्या खुंटावरचीं फळें रुचकर येतात. पण जावा बेटांत ही जोडी टिकत नसे. तेव्हां टॉक्सोपिअस ह्या डच शास्त्रज्ञांनीं १९३७ सालीं असा निष्कर्ष काढला कीं, गोड संत्र्याच्या अंगांत तयार होणारें कांहीं द्रव्य आंबट नारिंगाच्या मुळांना विषारी होत असावें. तर्क सुसंगत होता; पण तो खरा ठरला नाहीं. त्याच सुमारास ब्राझिलांत ह्याच जोडीचीं लाखों झाडें वाळूं लागलीं. लोकांनीं ह्या रोगाला ‘त्रिस्तेझा’, म्हणजे उदासी, असें नांव दिलें. १९४६ सालीं तेथील मेनेघिनी यांनीं सिद्ध केलें कीं, हा रोग मावा नांवाची कीड एका झाडावरून दुसऱ्यावर नेते. कारण विषाणूचें होतें. गोड संत्रें तो विषाणू अंगांत वागवूं शकतें, पण त्याच्याखालीं आंबट नारिंग असलें कीं सांध्याखालच्या नळ्या मरतात आणि झाड वाळतें. वरून लक्षणें तींच: सांध्यापाशीं नाकेबंदी, उपाशी मुळें, वाळलेलीं पानें. पण उपाय अगदीं निराळा. जंबेरीचा खुंट ह्या रोगाला बराच टिकाव धरतो. त्यावरील फळांत साखर थोडी कमी भरत असली तरी झाड हातचें जात नाहीं.

मग खरें कारण ओळखावें कसें? रोगाचें कारण एका झाडावरून दुसऱ्यावर पसरतें. रसायनाचें कारण पसरत नाहीं. जी जोडी रसायनानें फसते ती निरोगी काडी आणि निरोगी खुंट घेतला तरी, कोणत्याहि बागेंत, पुन्हां पुन्हां फसते. ही एवढी कसोटी ध्यानांत ठेवली तर पुष्कळ व्यर्थ खर्च वांचेल.

शेवटीं, ज्यांच्या घरामागें दोन-चार झाडांपुरती जागा आहे त्यांनीं ह्या साऱ्यांतून काय घ्यावें? कलम विकत घेतांना वरच्या जातीचें नांव सर्वजण विचारतात. खालच्या खुंटाचें नांव क्वचित् कोणी विचारतो. तें अवश्य विचारावें. सांधा न्याहाळून पहावा. तेथें थोडा फुगवटा असणें हें वाईट लक्षण नव्हे, कारण दोन जातींची जाडी वाढण्याचा वेग कमी-अधिक असूं शकतो. पण सालींत भेग, खोलगट खांच किंवा तपकिरी रेघ दिसली तर तें कलम घेऊं नये. लावतांना सांधा मातीच्या वर राहील असें पहावें. आणि सांध्याच्या खालून फुटलेला प्रत्येक कोंब कोवळा असतांनाच काढून टाकावा. नाहींतर रायवळ खुंट हळूहळू हापूसची जागा घेईल आणि आपण कित्येक वर्षें भलत्याच झाडाला पाणी घालीत राहूं.

रोपवाटिका चालविणारांची जबाबदारी ह्याहून मोठी आहे. नव्या खुंटाची जोडी बाजारांत आणावयाची तर ती दहा वर्षें टिकते कीं नाहीं हें पाहण्यास दहा वर्षें लागतात. पण सांध्याभोंवतीं सांठणारीं फिनॉल द्रव्यें मोजून, पिष्टाची परीक्षा करून आणि सांध्याचे पातळ काप सूक्ष्मदर्शकाखालीं पाहून संशयास्पद जोड्या पहिल्या एक-दोन वर्षांतच ओळखण्याचा प्रयत्न आतां करतां येतो. ज्या शेतकऱ्याजवळ एकच तुकडा जमीन आणि एकच आयुष्य आहे, त्याच्यापुढें हें ज्ञान आधीं ठेवणें आणि झाड मोडल्यावर ठेवणें ह्यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे.

कलमाला आपण एक झाड म्हणतों, पण तें अखेरपर्यंत दोन झाडांचा एकत्र संसार असतो. खुंट खुंटच राहतो, काडी काडीच राहते. त्यांच्यामध्यें फक्त एक दार उघडें असतें. तें दार नीट बसविणें हें माळ्याच्या हातचें काम आहे. पण त्या दारांतून काय येईल आणि काय जाईल, तें आधीं जाणून घेऊन मगच दोघांची गांठ घालावी, हें झाडांच्या रसायनानें आपणांस शिकविलें आहे.